उलट्या पत्र्यांची अभ्यासिका

आमच्या मालकांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं समुद्र वरचेवर येणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल, माणूस कोकणातला असेल, नाहीतर नौदलातून निवृत्त होऊन आलेला. तसलं काही नव्हतं. ते घाटनांदूरला जन्मले, घाटनांदूरलाच म्हातारे झाले. त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे मांजरा धरण, आणि तेही एका वर्षी भरलं तर दुसऱ्या वर्षी तळ दाखवणारं.

मालक म्हणजे आमच्या अभ्यासिकेचे मालक. त्यांना नाव होतं, आडनाव होतं, पण आम्ही पोरंपोरी तोंडावर मालक म्हणायचो आणि माघारी कप्तान. गावही माघारी कप्तानच म्हणायचं. फक्त स्टेशनसमोरचे हॉटेलवाले तात्या तोंडावर म्हणायचे, कारण दोघं शाळेत एका बाकावर बसलेले. मालक चहाला गेले की तात्या गाळणी हातात धरून विचारायचे, "काय कप्तान, आज भरती का ओहोटी?" मालक कपाकडं बघून शांतपणे सांगायचे, "तुझ्या दुधात तर भरती दिसतीय."

मी त्या अभ्यासिकेत कॉलेजची सगळी वर्षं बसले. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बी.ए.ची पदवी मी फ्रेम करून दारासमोरच्या भिंतीवर लावली आहे. येणाऱ्याला आधी ती दिसते, मग मी दिसते. त्यात लाजायचं काय? आज मी सरकारी नोकरीत आहे, लोकांचं म्हणणं ऐकून त्यातलं खरं-खोटं निवडणं हे माझं रोजचं काम आहे, आणि ते मला जमतं. पण मालकांचं खरं किती आणि खोटं किती, हे मात्र मला अजून निवडता आलेलं नाही.

इमारत आधी सांगायला पाहिजे, कारण त्या माणसाला इमारतीपासून वेगळं काढून सांगताच येत नाही. स्टेशनकडून गावात शिरताना डाव्या हाताला ती होती. पत्र्याचं मोठं पिंप उभं चिरावं आणि त्यातलं अर्धं जमिनीवर पालथं घालावं, तशी. भिंत कुठं संपली आणि छत कुठं सुरू झालं ते कळायचं नाही. नालीदार पत्रे एका अंगानं जमिनीपासून वर चढायचे, डोक्यावरून वळायचे आणि दुसऱ्या अंगाला जमिनीला टेकायचे. आत एकही खांब नाही. वाकवलेल्या लोखंडी कमानी ओळीनं उभ्या; मालक त्यांना फासळ्या म्हणायचे. आत उभं राहिलं की एखाद्या थोराड जनावराच्या पोटात आल्यासारखं वाटायचं. दोन्ही टोकांना फळ्यांच्या भिंती, त्यातल्या एकीत उंचावर एक गोल खिडकी. फासळ्यांना जागोजाग लोखंडी आकडे. आणि प्रत्येक फासळीवर बाणासारखी एक खूण ठोकलेली.

मला सोडायला आई आली होती. दसऱ्यानंतर ती आणि अप्पा ऊसतोडीला कारखान्यावर जाणार, मी मावशीकडं राहून शिकणार, असं ठरलेलं. आईनं दारातून आत बघितलं, वर बघितलं आणि म्हणाली, "अगं, ही तर आपली कोपीच हाय की. लोखंडाची." तोडीच्या फडावर आमची कोपी असायची तशीच, वाकवलेल्या कामट्या आणि वर ताडपत्री. सकाळी उभी करायची, हंगाम संपला की मोडून गाडीत टाकायची. मालक मागंच उभे होते. मला वाटलं, आता रागावतात. पण ते इतके खूश झाले की त्यांनी आईला बसायला खुर्ची दिली.

"बराबर बोलली माय तू. फौजेची कोपी हाय ही. फक्त पाण्यातल्या फौजेची."

तिथून त्यांनी जी कथा सुरू केली ती मी पुढं शेकडो वेळा ऐकली. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या बंदरावर जहाजांची गर्दी झाली, खलाशांना निजायला जागा पुरेना. विटा भाजायला वेळ कुणाला होता? मग नौदलानं ही अर्धगोल घरं ओळीनं उभी केली. एकेक फासळी चार माणसांनी उचलायची, बोल्ट लावायचे, पत्रे चढवायचे, झालं. लढाई संपली, इंग्रज निघाला, आणि नौदलानं ती मोडीत काढली. मालकांचे वडील कापसाचे व्यापारी. त्यांनी एक घर अख्खं विकत घेतलं, सुटं करून वॅगनीत भरलं आणि घाटनांदूर स्टेशनावर उतरवलं. तेव्हा इथं निजामाचं राज्य. करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे निजामाच्या जकात नाक्यावर, शिपायानं विचारलं, हे काय? वडील म्हणाले, तंबू. शिपाई म्हणाला, लोखंडाचा? वडील म्हणाले, साहेब, हवा लई सुटती आमच्याकडं.

ही झाली मालकांची बाजू. गावाची बाजू तात्या मांडायचे. त्यांचं म्हणणं, नौदल-बिवदल सगळ्या बाता. लातूरकडची कुठलीशी जिनिंग बंद पडली, तिचं गोदाम याच्या बापानं उचलून आणलं. ती गोल खिडकी? मशिनीचा पट्टा त्यातून जायचा. आकडे? कापूस तोलायचा काटा टांगायला. मालक म्हणायचे, खिडकी जहाजाची, आकडे खलाशांच्या झोळ्यांचे. मी तरणी पोरगी, इतिहासाची विद्यार्थिनी, दोन्हीकडचं ऐकायचे. खिडकी बघितली की पट्ट्याची वाटायची. आकडे बघितले की झोळ्यांचे वाटायचे. परत दुसऱ्या दिवशी उलटं वाटायचं.

मालकांच्या अंगात पांढरा पायजमा, वर खाकी कोट आणि कोटाच्या खिशात पाना. लग्नाला गेले तरी पाना खिशात. एकदा म्हणे नवरदेवाच्या घोड्याचा नाल त्यांनी तिथंच पान्यानं ठोकून बसवला होता. सकाळी आले की ते फासळ्यांवरून पाना वाजवत शेवटापर्यंत जायचे, कान लावून ऐकायचे. एखादी वेगळी वाजली की थांबायचे. तिथं बसलेल्या पोरानं मान वर काढायची नाही, हा नियम. तू तुझं वाच, मी माझं वाचतो, असं ते म्हणायचे.

नियम फार होते. पहिला नियम, खिळा ठोकायचा नाही. दोरीनं बांधा, तारेनं अडकवा, बोल्ट लावा, पण खिळा नाही. ठोकलेलं घर जागेला मरतं, जोडलेलं घर उठून चालतं, असं त्यांचं वाक्य होतं. माझ्या शेजारच्या मुलानं एकदा बाबासाहेबांचा फोटो फळीला खिळा ठोकून लावला. मालकांनी फोटो हळूच उतरवला, पुसला, खिळा उपटून काढला, स्वतः तारेचा आकडा वळला आणि फोटो आधीपेक्षा उंच लावला. मग त्या मुलाला म्हणाले, "ज्यांचा फोटो लावतो, त्यांनी काय सांगितलं? शिका. तर आधी हे शिक."

दुसरा नियम टोलाचा. दारातल्या कडुलिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, त्यावर मालक वेळ वाजवायचे. पण वेळ जहाजाची. अर्ध्या तासाला एक टोल, पुढच्या अर्ध्या तासाला दोन, असं करत आठपर्यंत चढायचं आणि परत एकापासून सुरू. म्हणजे दुपारी बारालाही आठ आणि चारलाही आठ. नवीन पोरगं आलं की आठवडाभर वेडं व्हायचं. माझी मावशी त्या टोलावर भाकरी टाकायला बसायची. ती कधी सवयीला आलीच नाही, आमच्याकडं जेवण कधीही व्हायचं. तात्या तर म्हणायचे, याच्या टोलापायी निम्म्या गावाची गाडी चुकती. मालकांना हे कुणी शिकवलं? वडलांनी इमारतीबरोबर एक खलाशी आणला होता, जोडून द्यायला, त्यानं. मालक तेव्हा जन्मलेलेही नव्हते. मी एकदा हे त्यांच्या लक्षात आणून दिलं. ते म्हणाले, "मग? तू शिवाजी महाराजांच्या वक्ताला होतीस का? तरी पेपर लिवतीस ना."

तिसरी गोष्ट नियम नव्हती, रीत होती. ज्याला नोकरी लागेल त्यानं जाताना आपल्या फासळीचा एक बोल्ट उघडायचा, बुधलीतल्या तेलात बुडवायचा, कापडानं पुसायचा आणि परत आवळायचा. मालक शेजारी पाना घेऊन उभे. बोल्ट आवळून झाला की ती फासळी त्याच्या नावावर. पोलिसाची फासळी, नर्सबाईची फासळी, कंडक्टरची फासळी. नवीन मुलाला जागा देताना मालक म्हणायचे, तू नर्सबाईखाली बस, तिथं डोकं चालतं. हाराऐवजी तेलकट हात घेऊन पोरं घरी जायची. आयाबायांना कळायचं, याचं काम झालं.

आता पत्र्यांचं सांगते. कौलं कशी असतात? वरच्या कौलाची कड खालच्यावर येते, म्हणून पाणी घसरून जातं. पत्र्यांचंही तसंच पाहिजे. आमच्या इमारतीत बरोबर उलटं होतं. खालच्या पत्र्याची कड वरच्या पत्र्यावर चढलेली. पाऊस आला की वरून आलेलं पाणी त्या सांध्यात शिरायचं आणि आमच्या पुस्तकांवर गळायचं. बादल्या, घमेली, डबे, सगळं मांडून आम्ही मधल्या कोरड्या पट्ट्यात दाटीवाटीनं बसायचो. बरं, आमच्याकडं पाऊस बेताचा, म्हणून निभावलं. उन्हाळ्यात पत्रा तव्यासारखा तापायचा, तेव्हा मालक ओली पोती टाकायचे. ते पाणीही त्याच सांध्यातून आत.

तात्या सांगायचे, याच्या बापानं कापूस आधी आणून टाकला, इमारत मागनं. फासळ्या उभ्या झाल्या आणि आभाळ भरून आलं. खलाशी, असेल तर, तापानं पडलेला. मग बाप ओरडला, आधी कापसाच्या डोक्यावर झाका. लोकांनी सगळ्यात वरची ओळ आधी टाकली, मग तिच्या खालची, मग तिच्या खालची. वरून खाली येताना दुसरं काय होणार?

आमच्यात पॉलिटेक्निकचा एक मुलगा होता, त्यानं मालकांना हेच तांत्रिक भाषेत समजावून सांगितलं. मालकांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुझ्या कॉलेजात पाणी वरून येतं," ते म्हणाले. "बंदरावर पाणी खालून येतं. लाट खालून वर उसळती. म्हणून खालची कड वर. नौदल येडं हाय का?"

"मालक, पण घाटनांदूरला कुठली लाट?"

"इमारतीला काय म्हाईत बे, ती घाटनांदूरला हाय म्हणून."

  तो मुलगा आता अभियंता आहे.

एकदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मालक मुंबईला गेलते. पोलिसाच्या फासळीचा पोलीस तिथंच ड्यूटीला, त्यानं सगळं केलं. पट्टी सुटल्यावर तो म्हणाला, चला मालक, समुद्र दाखवतो, तुमचं बंदर दाखवतो. मालक गाडीत बसले, अर्ध्या रस्त्यात म्हणाले, स्टेशनावर ने. गावात आल्यावर तात्यांनी छळ छळ छळलं. मी एकटी असताना विचारलं, का नाही गेलात? त्यांनी पाना पुसायला घेतला. म्हणाले, "माय, बघितला आन् लाटा तशा नसल्या म्हंजे?"

म्हणजे त्यांना शंका होती का? का त्यांना खात्री होती आणि ती सांभाळायची होती? मी त्या दिवसापासून गोंधळले, ती आजपर्यंत.

मी तिसऱ्या वर्षाला असताना रस्ता आला. मोठा, चौपदरी. मोजणीवाले आले आणि त्यांनी आमच्या फळ्यांच्या भिंतीवर लाल रंगानं रेघ मारली. अख्खी अभ्यासिका रेघेच्या आत. तेव्हा आत चाळीसेक पोरंपोरी बसायची. बहुतेकांचे आईबाप कोयता घेऊन बाहेर, घरात दिवा नाही तर जागा नाही, जागा नाही तर शांतता नाही. गावात दुसरी अभ्यासिका नव्हती. मालक ती रेघ बघून आत गेले आणि नेहमीसारखा पाना वाजवत शेवटापर्यंत गेले. फक्त त्या दिवशी कुठंच थांबले नाहीत.

मी म्हटलं, मालक, आपण अर्ज करू. ही इमारत ऐतिहासिक आहे, युद्धाच्या काळातली, नौदलाची. असल्या वास्तू जपणारं खातं असतं, मी वाचलंय. मालक म्हणाले, कर माय, तुझं शिक्षण हाय. मी तो अर्ज चार वेळा लिहिला. इतिहासाच्या सरांना दाखवला. खाली सही करताना नावापुढं बी.ए. तृतीय वर्ष लिहिलं. माझ्या शिक्षणाचा गावाला काही उपयोग होतोय, असं मला पहिल्यांदाच वाटत होतं.

आणि खात्याच्या मॅडम खरंच आल्या. पोरांनी फरशी धुतली, तात्यांनी बिनपाण्याच्या दुधाचा चहा पाठवला. मालकांनी कोट इस्त्री केलेला, खिशात पाना. मी मॅडमना सगळं दाखवलं: फासळ्या, बाणाची खूण, आकडे, गोल खिडकी. मॅडम भल्या होत्या, गडबडीत नव्हत्या. त्यांनी फासळीवरून हात फिरवला. म्हणाल्या, अशी घरं मी फोटोतच पाहिली आहेत. बाणाची खूण सरकारी मालाची आहे हे नक्की, पण सैन्य, रेल्वे, नौदल, सगळ्यांच्याच मालावर ती असायची. नौदलाचा धागा जोडायला मालकांचं म्हणणं महत्त्वाचं. ते तसं लिहून देत असतील तर प्रस्ताव पाठवते. रस्ता थोडा सरकू शकेल.

मी मालकांकडं बघितलं. आयुष्यभर ज्या प्रश्नाची वाट बघितली, तो त्यांच्या दारात आला होता.

मालकांनी विचारलं, "मंग पोरं इथंच बसतील का?"

मॅडम म्हणाल्या, नाही, ते शक्य नाही. संरक्षित झाली की आधी कुलूप, मग कुंपण, मग फलक. लोक बाहेरून बघतील. वापर बंद. मालकांनी विचारलं, आन् बोल्टाला तेल? मॅडम हसल्या. म्हणाल्या, कशालाच हात लावायचा नाही, आहे तसं ठेवायचं, तेच तर जतन.

मालक बाहेर गेले. आम्हाला टोल ऐकू आला, एकच. घड्याळ बघितलं तर ती वेळ एका टोलाची नव्हती, त्यांच्या हिशेबानंसुद्धा नव्हती. मग आत आले आणि मॅडमसमोर हात जोडून उभे राहिले.

"मॅडम, हे नौदलाचं न्हाई. जिनिंगचं गोदाम हाय. माझ्या बापानं लातूरकडून मोडीत आणलं. ती खिडकी मशिनीच्या पट्ट्याची. आकडे काटा टांगायचे. पत्रे उलटे हायेत ते गडबडीत चुकलेले."

तात्यांचा एक एक शब्द. तात्या स्वतः कपबशा न्यायला आलेले, दारात तसेच उभे राहिले.

मी म्हटलं, "मालक, काय बोलताय तुमी?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मॅडमना म्हणाले, "पोरगी हुशार हाय. माझ्याकडून ऐकलं ते तिनं लिवलं. मी बाता मारणारा माणूस हाय, गावात कुणालाबी इचारा."

मॅडमनी त्यांना परत एकदा विचारलं, जपून विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं. त्या गेल्या.

मला इतका राग आलता की मी पुस्तकं उचलली आणि घरी आले. मला खोटं पाडलं, तेही माझ्या सहीच्या अर्जावर. घरात पहिली शिकलेली मी, आणि एका म्हाताऱ्यानं मला एका दमात अडाणी करून टाकलं. मावशी म्हणाली, कावून रडतीस, त्या म्हाताऱ्याचं काय खरं असतंय? मी म्हटलं, तेच तर कळत नाही.

दुसऱ्या दिवशी दारात तात्या. पहिल्यांदाच आमच्या घरी. मला वाटलं, जिंकल्याचे पेढे घेऊन आले. पण माणूस बेजार झालेला. म्हणाले, "बाई, तू परत अर्ज कर. त्यो खोटं बोलला काल. माझ्या बापानं डोळ्यानं बघितलंय, वॅगनीतून फासळ्या उतरल्या तवा संगं खलाशी होता. निळ्या कपड्यातला."

मी म्हटलं, तात्या, तुम्हीच तर आयुष्यभर जिनिंगचं म्हणत होता. ते म्हणाले, "मी म्हणायचो ते येगळं. त्यानं म्हणायचं न्हवतं."

 आता कुणाचं धरायचं?

अर्ज करायची वेळ आली नाही. साधं गोदाम ठरल्यामुळं रस्त्यावाल्यांनी मालकांना सांगितलं, जागा खाली करा, तुमचा माल तुम्ही उचलून न्या. तेव्हा मालकांनी निरोप धाडले. कुणाला फोन, कुणाला माणूस. मला निरोप नाही आला. पाना आला. तात्यांच्या हातून, फडक्यात गुंडाळलेला.

गेले. मी कशी नाही जाणार? बघते तर पोलीस रजा काढून आलेला, नर्सबाई अंबाजोगाईहून, कंडक्टर वर्दीतच, अभियंता हेल्मेट घालून. ज्याची जी फासळी तिच्यापाशी तो उभा. शेजारी रस्त्याचा जेसीबी थांबलेला. त्याच्या ड्रायव्हरला वाटलं होतं, हे सगळं तोडायला आठवडा जाईल. आम्ही पाने लावले. सत्तर-ऐंशी वर्षांचं लोखंड, पण दर वर्षी कुणी ना कुणी बोल्टांना तेल पाजलेलं. एकही अडला नाही. पहिला फेर पान्यानं, मग बोटानंच फिरत बाहेर. ड्रायव्हर खाली उतरून बघत राहिला. म्हणाला, आयला, ही तर निघायलाच बसवलेली दिसतीया.

माझ्या फासळीला अजून नाव नव्हतं. मालक म्हणाले, उघड. मी म्हटलं, मला नोकरी कुठं लागलीय? ते म्हणाले, "अर्ज तू केलतास ना." एवढंच. त्या दिवशी आमचं एवढंच बोलणं झालं.

बायपासच्या पलीकडं माळावर मालकांची पडीक जमीन होती. तिथं आम्ही ती परत उभी केली. फळ्या तशाच, बाबासाहेबांचा फोटो तसाच, गोल खिडकी तशीच. पत्र्यांची वेळ आली तेव्हा अभियंता मालकांजवळ गेला आणि हळूच म्हणाला, मालक, या वेळी खालून सुरुवात करू. सगळे ऐकत होते. मालकांनी मान हलवली. म्हणाले, कर. आम्हाला वाटलं, संपलं. मॅडमसमोर बोलले तेच खरं होतं.

पूर्वेच्या अंगाचे सगळे पत्रे सरळ बसले. पश्चिमेच्या अंगाची खालची ओळ लावायला घेतली, तेव्हा मालक उठून आले आणि पत्र्यावर हात ठेवून उभे राहिले.

"ही ओळ व्हती तशीच ठेव," ते अभियंत्याला म्हणाले. "मुंबई तिकडंच हाय ना?"

अभियंत्यानं माझ्याकडं बघितलं. मी पत्र्याचं दुसरं टोक धरलं. त्यानं ती ओळ उलटी बसवली.

म्हणजे मॅडमला सांगितलं ते खोटं होतं? का आयुष्यभर सांगितलं ते खोटं, आणि ही एक ओळ फक्त बापाची आठवण? का त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं? मी नंतर दोनदा विचारलं. एकदा त्यांनी टोल वाजवायची वेळ झाली म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा ते झोपल्याचं सोंग करून पडून राहिले, पाना छातीवर.

मागच्या उन्हाळ्यात मालक गेले. तात्यांनी त्या दिवशी हॉटेल बंद ठेवलं आणि संध्याकाळी एकटेच माळावर जाऊन स्वतःला येत नसलेला टोल वाजवला, किती वाजवावा हे न कळून आठ वाजवले.

आता अभ्यासिका आम्ही जुनी मुलं चालवतो. सुट्टीला गेले की मी तिथं जाऊन बसते, माझ्या फासळीखाली. परवा अवकाळी पाऊस येऊन गेला. सगळीकडं कोरडं, फक्त पश्चिमेच्या त्या एका ओळीतून पाणी आत येत होतं आणि खाली घमेल्यात टपटपत होतं. नवीन आलेली एक मुलगी, आष्टीकडची, आईबाप तोडीला गेलेले, पुस्तक छातीशी धरून उभी होती. मला म्हणाली, "मॅडम, एवढी एकच ओळ उलटी कावून बसवलीय?"

मी बी.ए. आहे. मला कौलं कशी घालतात ते माहीत आहे, सांधा कसा असतो ते माहीत आहे, आभाळ भरून आल्यावर कापसाचं काय झालं तेही माहीत आहे. ती माझ्याकडं बघत उभी होती.

मी घमेलं थोडं सरकवलं, तिला बसायला कोरडी जागा केली आणि सांगितलं, की तिकडं समुद्र आहे, आणि समुद्राच्या लाटा खालून येतात.